सोपा घाट

१

मला वास लवकर येतात. हे कौतुकाने सांगत नाही. लातूरच्या एका डाळ मिलमध्ये गेली अकरा वर्षं मी याच नाकाची भाकरी खातोय. पोत्यात नळी खुपसायची, मूठभर तूर तळहातावर घ्यायची, नाकाशी न्यायची आणि सांगायचं, "भिजका माल आहे, परत न्या." आडते समोर गोड बोलतात आणि पाठीमागे माझ्या नाकाला शिव्या घालतात. घरात तर या नाकाने सगळ्यांना वैताग आणलाय. दूध उद्या नासणार असेल तर मला आज कळतं. ओलं फडकं, पाहुण्यांचे मोजे, एसटीच्या सीटला लागलेलं कुणाच्या तरी डोक्याचं तेल, कशानेही मला मळमळतं. माझी बायको सुकन्या म्हणते, "तुमच्यासंगं संसार म्हणजे रोज माल पास करून घेणं."

तिचं पहिलं बाळंतपण. तिला माहेरी, हिमायतनगरला पोचवायचं होतं. खरं तर सातव्यातच न्यायची रीत, पण मिलचा सीझन, माझी रजा असं करत करत नववा लागला आणि एप्रिल संपत आला. दोन वर्षांपूर्वी एक गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला होता. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, "प्रवास करायचाच असेल तर धक्के नकोत. एकसुद्धा नको." ते 'एकसुद्धा' माझ्या डोक्यात घट्ट बसलं.

मध्ये बालाघाटचे डोंगर. ते ओलांडायला दोन वाटा. एक उदगीर, मुखेडवरून जाणारी जवळची; तिच्यावर जुना घाट, एकेरी डांबर आणि वळणावळणाला खड्डा. दुसरी लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, भोकर अशी लांबची; पण चौपदरी, आणि डोंगर आला की रस्ता चढत बसत नाही, डोंगरच कापून सरळ पलीकडे निघतो. मी आठवडाभर अभ्यास केला. मोबाईलवर दोन्ही वाटा दहादा बघितल्या, गतिरोधक मोजले, मिलचा माल नांदेडला नेणाऱ्या सिद्धराम ड्रायव्हरला चहा पाजून विचारलं. तो म्हणाला, "साहेब, पान्याचा गिलास भरून टपावर ठेवा. नांदेडात उतरून प्या." माझं ठरलं.

२

निघायचं ते निलंग्याजवळच्या आमच्या गावातून, कारण शिदोरी सासरच्या घरातूनच निघावी लागते. आमच्याकडे पोटुशी सून माहेरी निघाली की सोबत पुरणपोळ्या देतात. वाटेत घाट लागला की गाडी थांबवायची, त्यातला एक घास काढून दगडापाशी ठेवायचा आणि मागे न बघता निघायचं. कुणासाठी, कशासाठी, हे मी लहानपणी एकदा विचारलं होतं. आई "गप ऱ्हा" म्हणाली होती. तेवढंच मला माहीत.

आईचं नाव सरजाबाई, आणि तिची जिद्द गावात प्रसिद्ध आहे. पहाटे चारला उठून तिने पोळ्या केल्या होत्या. स्टीलचा मोठा डबा फडक्यात बांधता बांधता तिने विषय काढलाच.

"उदगीरवरून जा."

"आई, त्या घाटात हिची हाडं खिळखिळी होतील."

"हळू चालीव. तितं दगड हाय. गाड्या थांबतेत."

"हायवेलाबी घाटच हाय. सोपा घाट. फक्त दगड न्हाई."

आई गाठ मारायची थांबली. "दगड नसला म्हनून काय झालं? रस्ता बदलला तर डोंगर बदलतो व्हय? तितंबी ठेव. पन एकच घास, अंगद. चिमटीत मावंल इतका. बाकीचं समदं लेकराचं."

"हाव गं."

"आन तोंडानं काई बोलू नगं तितं. तुला लई बोलायची सवं हाय."

मागच्या सीटवर दोन उशा लावून मी सुकन्याला बसवलं. डबा तिच्या पायाशी ठेवला. ती हळूच म्हणाली, "अहो, आईंच्या मनात हाय तर जुन्याच वाटंनं जाऊ की."

"डॉक्टरीणबाईंच्या मनात नाही," मी म्हणालो आणि गाडी सुरू केली.

आणि रस्ता खरंच लोण्यासारखा होता. लातूर मागे पडलं, दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं, मधल्या पट्ट्यात कण्हेर फुललेली. स्टिअरिंगवर एक हात ठेवून चालवावं असा रस्ता. अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा सुकन्याने माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून एक टाच डावीकडून उजवीकडे सरकली आणि माझ्या तळव्याला ढुशी बसली. मी म्हणालो, "बघ, रस्ता पास केला लेकरानं." ती हसली. तो दिवस तिथेच संपला असता तर किती बरं झालं असतं.

३

डोंगर सुरू झाले आणि गाडीत वास आला.

पहिल्यांदा अगदी बारीक. गोडसर, आंबूस. मी एसी बंद करून काचा खाली केल्या. बाहेरून भट्टीसारखी हवा आत आली, पण वास गेला नाही. मग मी नेहमीप्रमाणे शोध सुरू केला. माझे मोजे नव्हते. सुकन्या उलटीसाठी पिशवी घेऊन बसली होती, पण पिशवी कोरडी होती आणि ती स्वतः मान टाकून झोपली होती. उरला डबा. पण पोळ्या पहाटेच्या, आणि आता अकरा वाजत होते. सहा तासांत पुरण आंबतं का? गरम गरम डब्यात भरलं, वाफ कोंडली, वर हे ऊन, आंबू शकतं. मी स्वतःला तसं समजावलं. वास वाढत गेला. न घासलेल्या तोंडाचा, रात्रभर झाकून राहिलेल्या खरकट्याचा, दाढेत अडकून कुजलेल्या घासाचा.

समोर डोंगर कापलेला होता. रस्ता खाली, दोन्ही बाजूंना तीन पुरुष उंचीच्या उभ्या भिंती. वर काळा दगड, खाली काळा दगड आणि मध्ये, छातीच्या उंचीवर, हातभर जाडीचा लाल मातीचा पट्टा. तो पट्टा ओला होता. एप्रिलच्या शेवटी, जिथे विहिरींनी तळ दाखवलाय, तिथे त्या लाल पट्ट्यातून चिकट ओल पाझरत होती आणि हिरड्यांसारखी चकाकत होती. तसा मी खुळा नाही. डोंगराच्या पोटात झरा असू शकतो. मी गाडी कडेला घेतली, डबा उचलला आणि भिंतीपाशी गेलो.

गाठ आईनेच मारलेली होती. झाकण उघडलं आणि मी तोंड फिरवलं. एक पोळी मोडली. पुरण कोमट होतं, कुणाच्या तरी तोंडाच्या आत बोट घातल्यासारखं कोमट, आणि त्याला तार सुटली होती. मी ती तार पाहिली. की वासावरून मला ती दिसली? आज मला ते शपथेवर सांगता येणार नाही.

चिमटीतला घास काढायचा म्हणजे त्यात पुन्हा बोटं घालायची. ते माझ्याने होणं शक्य नव्हतं. शिवाय ही घाण तीन तास गाडीत बाळगायची कशाला? मी डबा उपडा केला. सगळ्या पोळ्या भिंतीच्या पायथ्याशी थपकन पडल्या. बोटं फडक्याला खसाखसा पुसली, फडकंही तिथेच टाकलं, आणि चिडून, उगाच, मोठ्याने म्हणालो, "एक घास कशाला? सगळंच घे. लेकराचंबी घे."

रिकामा डबा घेऊन वळलो तर मागे चावण्याचा आवाज आला.

तोंड उघडं ठेवून जेवणारी माणसं असतात. मच् मच् मच्. पंगतीत असा माणूस शेजारी आला तर मी पान सोडून उठतो. तो आवाज होता. मी वळून बघितलं. कुत्रं नव्हतं, डुक्कर नव्हतं. पोळ्या जशाच्या तशा पडलेल्या होत्या. आवाज मात्र चालू होता, सावकाश, घाई नसल्यासारखा.

४

मी गाडीत बसलो तेव्हा सुकन्या जागी झाली होती.

"ठेवला का घास?"

"ठेवला."

तिने रिकामा डबा पाहिला. "सगळ्या पोळ्या?"

"आंबल्या होत्या. तार सुटली होती. तुला खायला घालू का ते?"

"मला तर वास न्हाई आला," ती म्हणाली. "चांगला इलायचीचा वास येऊन राहिला व्हता." आणि खिडकीबाहेर बघत बसली. माझ्या नाकावर शंका घेतलेली मला आवडत नाही, म्हणून मी गाडी सुरू केली.

घाट कधी संपला ते कळलंसुद्धा नाही, इतका तो सोपा होता. डोंगर मागे पडले, सपाट रानं आली, गाडीतला वास गेला. लोह्याच्या अलीकडे ती म्हणाली, "अहो, बाळ हलून न्हाई राहिलं."

"झोपलं असंल."

"मघापासून. तुमी गाडी थांबवली तवापासून."

मी तिला बिस्किटं दिली, गोड पाणी दिलं. डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मी आरशात बघत होतो आणि ती मान हलवून नाही म्हणत होती. दोन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या बाकावर ती अशीच मान हलवत बसली होती. रस्ता इतका गुळगुळीत की गाडी शंभरच्या वर गेलेली कळत नव्हती. एकही धक्का बसला नव्हता. एकसुद्धा नाही. मग काय झालं?

नांदेडला जो पहिला प्रसूतीचा दवाखाना दिसला तिथे गाडी घातली. तिला आत घेतलं, सोनोग्राफीच्या खोलीचा पडदा लावला. मी पडद्याबाहेर उभा. आत बराच वेळ यंत्राची घरघर. मग डॉक्टरांचा आवाज आला, अगदी मोकळा. "कशाला घाबरलात? ठोके छान आहेत. बाळ मस्त आहे. हातपाय शांत आहेत सध्या, पण तोंड चालू आहे त्याचं. गिळतंय. पोटातली बाळं गिळतात, चांगलं लक्षण आहे."

मी तिथेच भिंतीला टेकलो. डोळ्यांत पाणी आलं, लपवलं नाही. पोटातलं बाळ गिळतं हे मी नंतर मोबाईलवर वाचलंही. खरं आहे ते. फक्त पडदा बाजूला होऊन सुकन्या बाहेर आली तेव्हा तिच्यासोबत तो वास बाहेर आला. न घासलेल्या तोंडाचा.

५

हिमायतनगरला पोचायला चार वाजले. सासरे व्यंकटी दारातच उभे होते. सासूबाई चांगुणाबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, लेकीला घरात घेतलं आणि मला पाणी देऊन लगेच विचारलं, "शिदोरी कुठं हाय, जावई?"

मी आंबलेल्या पुरणाची हकिकत सांगितली. जरा फुगवूनच सांगितली.

"घास ठेवला ना पण?"

"सगळ्याच पोळ्या ठेवल्या."

त्यांच्या हातात तांब्या होता. तो त्यांनी जमिनीवर ठेवला. "सगळ्या," त्या म्हणाल्या. "आन तोंडानं काय म्हणले तुमी?"

"काही नाही," मी म्हणालो. शिकलेला माणूस भिंतीशी बोलला हे सांगायची लाज वाटली. शिवाय काय म्हणालो होतो ते मला स्वतःलाच आठवायचं नव्हतं.

मी लातूरला परतलो तो मुखेडवरून नव्हे, हायवेनेच, आणि डोंगराच्या त्या चरातून जाताना सरळ पुढे बघत गेलो. मिल सुरू होती. रोज संध्याकाळी फोन. बाळ हलतं का? पहिल्यांदा सुकन्या म्हणायची, थोडं. मग म्हणायला लागली, आई सांगंल तुमाला. आणि फोन सासूबाईंकडे द्यायची. सासूबाई म्हणायच्या, "जेवण लई वाढलं तिचं." माझ्या आईला हे ऐकून आनंद झाला. नऊ महिने जिला भाताच्या वासाने उलटी व्हायची ती जेवतेय, याहून चांगलं काय असणार. मीही आनंदच मानत होतो.

अकराव्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला. व्यंकटीमामा कमी बोलणारा माणूस. "या एकदा," म्हणाले. "काई झालं न्हाई. पण या."

६

मी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. घर झोपलेलं. सासरे ओसरीवर डोळे उघडे ठेवून पडले होते. त्यांनी नुसतं मागच्या दाराकडे बोट दाखवलं.

मागे म्हशीचा गोठा. गोठ्यापाशी खरकट्याची बादली असते; आदल्या दिवसाचं वरण, भाताची पेज, भाजीची देठं, शिळ्या भाकरीचे तुकडे, सगळं त्यात पडतं, उन्हात फसफसतं आणि संध्याकाळी म्हशीला जातं. सुकन्या त्या बादलीपाशी बसली होती. दोन्ही पाय पसरून, पोट सांभाळून. कोपरापर्यंत हात बादलीत होता. ती मूठ भरून काढत होती, तोंडात कोंबत होती, चावत होती. तोंड उघडं ठेवून. हनुवटीवरून पांढरट पाणी गळ्यात उतरत होतं, माशा ओठांवर बसत होत्या आणि ती त्यांना उडवत नव्हती. आणि ती रडत होती. घळाघळा रडत होती.

मी खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा दया आली नाही. पहिल्यांदा किळस आली. गोठ्याच्या खांबाला धरून मी ओकलो. मग तिच्याकडे गेलो.

"सुकन्या. अगं काय करून राहिलीस हे?"

"मी खाऊन न्हाई राहिले हो," ती म्हणाली. तोंड भरलेलं होतं. "मला तर ओकारी येऊन राहिली. मला नको हाय. ह्याला पाहिजे."

"कुणाला?"

तिने खरकटा हात पोटाकडे नेला, पण पोटाला लावला नाही. थोडा वरच धरला. "आधी लाथ मारायचं ते. लाथ मारली की वाटायचं, माझं हाय. आता लाथ न्हाई मारत. नुस्तं चावतंय."

"डॉक्टर म्हणाले गिळतं म्हणून. सगळीच गिळतात."

"हात लावून बघा ना मग."

मी गुडघ्यावर बसलो. साडी घामाने चिकटली होती. तळवा पोटावर ठेवला आणि थांबलो. टाच नाही, ढुशी नाही. थोड्या वेळाने तळव्याखाली काहीतरी मिटलं आणि उघडलं. पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. सावकाश. घाई नसल्यासारखं. जे मिटत होतं ते माझ्या पंजाएवढं रुंद होतं.

माझा हात आपोआप मागे आला. मी तो शर्टाला पुसला. सुकन्या बघत होती. इतक्या वर्षांत मी तिच्यासमोर हजार गोष्टींना नाक मुरडलं आणि ती हसली. या वेळी हसली नाही.

संध्याकाळी मी चांगुणाबाईंना खरं सांगितलं. भिंतीपाशी उभा राहून काय म्हणालो होतो ते, शब्दाला शब्द. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. बराच वेळ लाकडं मागेपुढे करत राहिल्या.

"लेकराचंबी घे," त्यांनी माझेच शब्द पुटपुटले. मग म्हणाल्या, "असं कोण म्हणतं, बापू?"

"आता काय करू?"

"मला काय ठावं? आजवर असं कोणी म्हणलंच न्हाई." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "उद्या फजरी, उजाडताच निघा. दिलं तुमी, मागूनबी तुमीच आणा."

७

डोंगराच्या त्या चरात मी पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. लख्ख ऊन. बाजूने ट्रक जात होते, एका खासगी बसमधून गाणी ऐकू येत होती. इतकी साधी जागा. मी गाडीतून उतरताना स्वतःलाच म्हणालो, अंगद, तू बारा दिवसांपूर्वीचं कुजलेलं अन्न बघायला दीडशे किलोमीटर आलायस. बायकोला डॉक्टर लागतो, तिच्या डोक्याला काहीतरी झालंय, आणि तू इथे.

पोळ्या तिथेच होत्या.

आधी मला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी ठेवल्या असतील. पण फडकं आमचंच होतं. बारा दिवसांच्या उन्हात त्या पोळ्या मऊ होत्या. वरचं तूप चमकत होतं. मुंगी नाही, माशी नाही, कावळ्याने चोच मारलेली नाही. मी खाली बसलो आणि वास घेतला. जायफळ, इलायची, साजूक तूप, गव्हाचा खरपूस वास. आईच्या हाताचा ताजा वास. मोडलेल्या पोळीतलं पुरण मऊ, कोरडं, सुटसुटीत. तार नव्हती. कधीच नव्हती. ज्या नाकाच्या जोरावर मी अकरा वर्षं लोकांची पोती परत पाठवली, त्याच नाकाने मला खेळवलं होतं. की कुणीतरी त्या नाकाला बरोबर ओळखलं होतं.

अन्नाला कुणी तोंडही लावलं नव्हतं. मग मी जे दिलं, त्यातलं घेतलं काय?

मी पोळ्या गोळा करायला लागलो. सगळ्यात खालची, भिंतीला टेकलेली पोळी उचलली तर तिचा कडेचा तुकडा नव्हता. छोटासा तुकडा, चिमटीत मावेल एवढा. आणि कड तुटलेली नव्हती, चोखलेली होती. दात नसलेल्या तोंडाने, नुसत्या हिरड्यांनी बराच वेळ चोखून चोखून तोडावी तशी. ती जागा अजून ओली होती.

मी उठून उभा राहिलो. लाल पट्टा माझ्या छातीशी होता. पाझरत होता, आणि वास येत होता. तोच, न घासलेल्या तोंडाचा. ट्रक गेला, त्याचा धक्का भिंतीला बसला, आणि तो विरल्यावर ओल्या मातीत काहीतरी सरकलं. आतून. मातीला फुगवटा आला, बोराएवढा, आणि डावीकडून उजवीकडे गेला. मग थांबला. मग पुन्हा आला.

मी तळवा मातीवर ठेवला. माती कोमट होती. ती बोटांच्या बेचक्यांत शिरली, नखांखाली शिरली. मी म्हणालो, "बाळा?"

तळव्याला ढुशी बसली.

खिशात फोन वाजला. दुसऱ्या हाताने कसाबसा काढला. व्यंकटीमामा होते. एरवी कमी बोलणारा माणूस, आता थांबत नव्हता. "जावई, झालं. घरीच झालं, दवाखान्यात न्यायला सवडच न्हाई दिली. सुकन्या बरी हाय. बरी हाय म्हणजे, बोलून न्हाई राहिली, पण बरी हाय. पोरगं हाय. मोठं हाय लई. तुमी या. चांगुणा आत जाऊन न्हाई राहिली, दारातच बसली हाय, तुमी या लवकर."

त्यांच्यामागे बाळाचं रडणं ऐकू येत नव्हतं. तोंड उघडं ठेवून कुणीतरी चावत होतं.

"जावई? ऐकू येऊन राहिलं का? वास लई सुटलाय घरात. किती वेळात येताव?"

माझा हात मनगटापर्यंत त्या चिकट, कुजक्या वासाच्या लाल मातीत गेला होता आणि आतून एक बारीक टाच तळव्याला पुन्हा पुन्हा, नेटाने, ओळखीने ढकलत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला कशाचीही किळस वाटली नाही. मी फोन खाली ठेवला आणि दुसराही हात आत घातला.